राणी घेतली की किल्ली

आमच्या ह्यांच्या शेजारी गाडीत बसलं की रेडिओ लावायची गरज पडत नाही. कोटरा सुल्तानाबादेतलं घर सोडून माता मंदिराचा चौक येईपर्यंत ह्यांच्या छप्पन्न बातम्या सांगून झालेल्या असतात. "नलू, टायरवाल्यानं शटर हिरवं केलं बघ." "त्या लिंबाखाली कुत्री व्यालीये, पिल्लं बघितलीस का?" "आता ह्या गल्लीतून टेंपो निघेल आणि पठ्ठ्या इकडे बघणारसुद्धा नाही." आणि खरंच टेंपो निघतो, खरंच तो बघत नाही, आणि हे आधीपासूनच ब्रेकवर पाय ठेवून बसलेले असतात. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, समोर बघून चालवा की!" तर म्हणाले, "समोर सगळेच बघतात. रस्ता समोरून कमी आणि बाजूनं जास्त येतो."

वाक्य त्यांचंच आहे, माझं नाही. पुढे ते त्यांच्याच अंगाशी आलं, म्हणून आधी सांगून ठेवते.

मधुकर वैरागडे हे त्यांचं नाव. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा सासरे नागपूरहून कचेरीबरोबर इथे आले, आणि हे इथेच जन्मले. आयुष्यभर सिंचन खात्यात नोकरी केली, आता रिटायर. बोलणं घरात मराठी, दारात हिंदी, आणि भांडण दोन्हीत मिळून. पण खात्यात त्यांना ओळखायचे ते कामासाठी नाही, कॅरमसाठी. सरकारी खात्यांच्या स्पर्धेत ह्यांच्या नावाचा दबदबा होता. आमच्या शोकेसमध्ये देव एक आणि कप चार, अशी परिस्थिती आहे.

त्या स्पर्धांमधली एक गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आणि मी प्रत्येक वेळी चहा टाकायला उठते. फायनल चालू होती. हे राणीवर नेम धरून बसलेले, स्ट्रायकर बोटाखाली, सगळा हॉल गप्प. तेवढ्यात डावीकडच्या माणसानं हळूच शर्टाच्या बाहीनं एक सोंगटी जराशी सरकवली. ह्यांनी मान वर केली नाही. तिथूनच म्हणाले, "भाईसाब, गोटी जहाँ थी वहाँ रख दो." मग राणी घेतली. घरीसुद्धा तेच. आमची लेक मानसी लहान असताना बापाशी खेळताना चोरून सोंगटी उचलायला जायची, तर ह्यांचं लक्ष नेमावर आणि हात बरोबर तिच्या मनगटावर. माझ्या आयुष्यात मी ह्या माणसाला कॅरममध्ये एकदाही फसवू शकले नाही, आणि प्रयत्न काही कमी केले नाहीत.

आता दारूचं. उगाच झाकून काय ठेवायचं? हे रोज पिणाऱ्यांतले नाहीत. रविवारी दुपारी अवधपुरीला, प्रकाशभाऊंच्या घरी बैठक असते. प्रकाशभाऊ म्हणजे ह्यांचे खात्यातले जुने जोडीदार. मटण, कॅरम आणि दोन पेग. आमची मानसीही तिथंच, दोन गल्ल्या सोडून राहते, म्हणून मी दुपारभर लेकीकडे, नातीबरोबर. मग हे तिथून येतात, चहा घेतात, आणि आम्ही गाडीनं घरी. बरीच वर्षं हाच क्रम आहे. दोन पेगांनी ह्यांची जीभ अडखळत नाही की पाय वाकडा पडत नाही. मी भांडले असते, पण भांडायला कारण तर पाहिजे ना!

आणि त्या मंडळींनी तर नियमच करून ठेवला होता. ज्याला गाडी चालवायची त्यानं उठण्याआधी कॅरमवर राणी घ्यायची, कव्हरसकट. म्हणजे राणी पॉकेटमध्ये, आणि तिच्या मागोमाग आपली एक सोंगटी. तोवर गाडीची किल्ली बोर्डाच्या मधोमध, राणीच्या शेजारी ठेवलेली. जमलं तर किल्ली उचला. नाही जमलं तर मुकाट्यानं दिवाणावर आडवे व्हा. कितीतरी लोकांना त्यांनी असं झोपवलं. एकदा खुद्द प्रकाशभाऊंच्या मेहुण्याला झोपवलं, तो रुसून गेला. आमचे हे मात्र एकदाही अडकले नाहीत. "हात बघ, हात!" असं म्हणून माझ्यापुढे हात धरायचे. हात खरंच दगडासारखा स्थिर. पोलिसांच्या फुंकणीपेक्षा आमची राणी कडक, असं प्रकाशभाऊ सगळ्यांना अभिमानानं सांगायचे, आणि आम्ही बायकाही माना डोलवायचो.

पण एक गोष्ट मला कधीपासून टोचत होती. काय टोचतंय ते मात्र कळत नव्हतं.

रविवारी परतताना ह्यांचा रेडिओ बंद असायचा.

सगळे म्हणायचे, बघा कसे जबाबदारीनं चालवतात, एक शब्द बोलत नाहीत. गाडी एका रेषेत, वेग बेताचा, दोन्ही हात चाकावर, नजर समोरच्या गाडीच्या पाठीला चिकटलेली. जाताना ज्या माणसाला लिंबाखालची पिल्लं दिसली, त्याला परतताना त्या लिंबाखाली अख्खी वरात उभी असली तरी काही म्हणायचं नसायचं. आरशाकडे डोळा वळायचा नाही. मी मुद्दाम म्हणायची, "अहो, ते बघितलंत का, नवीन दुकान उघडलंय." "हूं," एवढंच. मला वाटायचं, पोट जड झालं असेल.

मग एका रविवारी चेतक पुलाच्या अलीकडे ते घडलं. डावीकडच्या रस्त्यानं स्कूटरवर एक बाई येत होती. पिवळी साडी, पुढे भाजीची पिशवी. ती लांब असल्यापासून मला दिसत होती. मी मनात म्हटलं, आता हे हळू करतील. केलं नाही. म्हटलं, आता करतील. नाही केलं. ती बाई आमच्यासमोर आली आणि मी ओरडले, "अहो!" ह्यांनी ब्रेक दाबला, गाडी गचकन थांबली. बाईची पिशवी आमच्या बंपरला घासून गेली. ती थांबली, आमच्याकडे बघून जे काही बोलली ते मी इथे लिहीत नाही. गेली.

हे चाकावर तसेच हात ठेवून बसले होते. माझ्याकडे वळून विचारलं, "ही कुठून आली गं?"

मला आधी राग आला. मग मी त्यांचं तोंड बघितलं. ते थाप मारत नव्हते. चूक झाकत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं ती कुठून आली. भर उन्हातली पिवळी साडी, मोकळा रस्ता, आणि ह्या माणसाला ती दिसलीच नव्हती. खोटं बोलणारा परवडतो बाई, त्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं.

घरी आल्यावर मी विषय काढला तर हसले. "अगं, बायका स्कूटर कशाही घालतात." मानसीला फोन केला तर ती म्हणते, "आई, बाबांनी राणी घेतली होती ना? मग? तू उगाच बीपी वाढवून घेऊ नकोस." प्रकाशभाऊंना तर सांगायची सोयच नव्हती, त्यांच्या नियमावर बोट ठेवल्यासारखं झालं असतं. पालथ्या घड्यावर पाणी!

मी म्हटलं, डोळे तरी तपासू. मोतीबिंदू असेल. चष्म्याचा नंबर काढायचा म्हणून घेऊन गेले. डॉक्टर सुप्रिया म्हणून तरुण मुलगी, मराठीच निघाली, ग्वाल्हेरकडची. डोळे एकदम ठणठणीत, ह्या वयात इतके चांगले कमीच बघते म्हणाली. हे माझ्याकडे असे बघतात जणू पाचवा कप मिळाला. मग मीच धीर करून स्कूटरवाल्या बाईचं सांगितलं, आणि आदल्या दोन पेगांचंही. ह्यांनी टेबलाखालून मला पायानं ढोसलं. ढोसा म्हटलं!

ती म्हणाली, "काका, दारूनं डोळ्यांचा नंबर बदलत नाही, लक्ष आखडतं. जिथं बघता तिथलं नीट दिसतं. बाजूचं डोळ्यात येतं, पण डोक्यात पोचत नाही. मुख्य म्हणजे, काहीतरी सुटलं हेसुद्धा माणसाला कळत नाही. त्याला वाटतं आपण छान चालवतोय."

"ते बेवड्यांचं," हे म्हणाले.

"दोन पेगांचंही," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ह्यांनी ते तिथंच सोडून दिलं. मी सोडू शकले नाही. त्यात भर म्हणून त्याच आठवड्यात मानसीचा फोन. गौरीला टी. टी. नगरला स्केटिंग लावलंय. गौरी म्हणजे तिची मुलगी, आमची एकुलती एक नात, तिसरीत आहे. रविवारी संध्याकाळी क्लास. मानसी स्वतः कोचिंगमध्ये शिकवते, तिची रविवारी बॅच असते. जावई निखिलराव इंदूरला नोकरीत, पंधरवड्यानं घरी येतात. "तर बाबा तुला घेऊन परत जातातच, क्लास तुमच्या वाटेवरच आहे, गौरीला बरोबर न्या. रात्री मी येऊन घेऊन जाईन. बाबा तर लगेच हो म्हणाले!"

म्हणणारच ना. नातीसाठी हे विहिरीत उडी मारतील. 

त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही. डाव्या खिडकीशी बसलेली गौरी डोळ्यांसमोरून हलेना. डावीकडूनच ती बाई आली होती. दर वेळी काही कोणी ओरडायला शेजारी नसतं, आणि ओरडणारी शेजारी असली तरी दर वेळी ब्रेक वेळेवर लागत नाही. मी सरळ म्हटलं, "ह्या रविवारी पिऊ नका." तर तोंड एवढंसं केलं. "म्हणजे मी माझ्या नातीला धोक्यात घालीन असं वाटतं तुला? नलू, ज्या दिवशी राणी चुकेल त्या दिवशी मी स्वतः किल्ली ठेवीन." त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, आणि तेच तर माझं दुखणं होतं. माणूस बेफिकीर असता तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. हा बिचारा स्वतःची परीक्षा घेऊन, पास होऊन, मग चाकावर बसत होता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

शुक्रवारी मी कॅरमचा बोर्ड पुसत होते. पावडर झाडली, सोंगट्या मांडल्या, मधोमध लाल राणी ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. मेली कधीही बघा, मधोमधच. आपण तिच्याकडे बघतोय हे आपल्याला आधीच माहीत असतं. ती काही डावीकडून पिवळी साडी नेसून येत नाही. अगं बाई, म्हटलं, इतकी वर्षं आपण ह्यांची परीक्षा घेतली ती नेमकी त्याच गोष्टीची, जी दारू बिघडवतच नाही!

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, एक डाव टाकू या. ते नेम धरून बसले. मी गप्पा मारता मारता डावीकडची एक सोंगटी उचलायला हात पुढे केला. "ठेव खाली," मान वर न करता म्हणाले. शुक्रवारी दारू नसते. माझं काम झालं.

रविवारी हे प्रकाशभाऊंकडून आले ते खुशीत. अंगाला मटणाचा वास, हातात किल्ली नाचवत. "राणी एका फटक्यात! प्रकाश म्हणाला, मधू, तू म्हातारा होणार नाहीस." मानसी बॅचला निघायची तयारी करत होती. गौरीचे स्केट पिशवीत भरून दाराशी ठेवलेले.

मी म्हटलं, "गौरी गाडीत बसणार आहे. राणी माझ्यासमोर घ्या."

"आई, पुरे आता," मानसी म्हणाली.

"पुरे कसं? माझ्या समाधानासाठी."

"घेऊ दे गं," हे म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला!" निखिलरावांचा बोर्ड बाहेर काढला, स्टुलावर ठेवला. मी सोंगट्या मांडल्या. त्यांच्या डाव्या हाताशी तीन काळ्या एकत्र ठेवल्या, मध्ये राणी, तिच्याशेजारी किल्ली, जशी त्यांची पद्धत आहे तशी. 

गौरीला मी दुपारीच आतल्या खोलीत पढवून ठेवलं होतं. तिच्या लेखी तो खेळ होता. आजोबांनी नेम धरला की तू डावीकडून यायचं, पळायचं नाही, लपायचं नाही, आणि त्या तीन काळ्या सोंगट्या उचलून तिथंच उभं राहायचं. बस. तिनं विचारलं होतं, "आजोबा पकडतील ना पण! ते नेहमी पकडतात." मी म्हटलं, "पकडलं तर तू हरलीस." खरं सांगते, देवाला मी मनातून एकच मागणं मागत होते, की त्यांनी तिला पकडावं. मी खोटी पडावं. सगळ्यांनी मला वेडी म्हणावं, आणि आम्ही हसत हसत गाडीत बसावं.

हे खाली वाकले. स्ट्रायकर रेषेवर ठेवला, जरासा सरकवला, डोळा बारीक केला.

गौरी आली. डोक्यावर तिचं नवं लाल हेल्मेट होतं, क्लाससाठी आणलेलं, तिनं हौसेनं घातलं होतं. ती त्यांच्या डाव्या कोपराशी येऊन उभी राहिली. तिनं एक सोंगटी उचलली.  दुसरी उचलली. मानसीनं माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. बाप राणीकडे बघत होता. तिसरी उचलताना सोंगटी बोर्डावर खरवडली, मला पलीकडून आवाज ऐकू आला.

टक्. राणी गेली. लगेच दुसरा फटका, कव्हर गेलं. सुंदर फटके होते दोन्ही, माझ्यासारखीलाही कळावं इतके सुंदर. ह्यांनी टाळी वाजवली आणि किल्ली उचलली. "घ्या! आता बोला!"

मानसीची नजर बोर्डाच्या डाव्या कडेला खिळली होती.

"काय झालं?"

"डावीकडच्या सोंगट्या कुठेत?" मी विचारलं.

त्यांनी बोर्डाकडे बघितलं. मग खाली जमिनीवर बघितलं, पडल्या की काय म्हणून. मग मान वळवली, आणि तिथं गौरी. लाल हेल्मेट घालून, मूठ पुढे करून, त्यांच्या कोपराला टेकून उभी. इतकी जवळ की तिचा श्वास त्यांच्या बाहीला लागत असेल.

ते दचकले. म्हणाले, "ही कुठून आली गं?"

तोच आवाज होता, तेच तोंड.  मला काही सांगायची गरज पडली नाही, कारण शब्द तोंडातून निघाले आणि त्यांचे त्यांनाच ऐकू गेले. हातातली किल्ली हळूहळू खाली आली.

"मी जिंकले!" गौरी म्हणाली. "आजोबा, मी इथंच होते. कितीतरी वेळ!"

मानसी तोंडावर हात धरून सोफ्यावर बसली. तिला बॅचला उशीर होत होता, पण उठेना. हे मात्र गौरीकडे बघत होते. तिचं हेल्मेट, तिचा हात, त्या तीन सोंगट्या. मग मला विचारलं, "नलू, ती स्कूटरवाली. तीसुद्धा अशीच बराच वेळ होती का?"

"होती," मी म्हटलं. "लांबून येत होती."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मला सायकलसुद्धा धड येत नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे. पण दिली, आणि माझी मूठ वरून मिटली. मग खिशातून मोबाइल काढून मानसीपुढे धरला. म्हणाले, "प्रकाशला फोन लाव. मला आता ही बटणं दिसतात, पण भरवसा नाही. त्याला सांग, कोणाला निघू देऊ नको. राणी घेतली असली तरी."  हात अजूनही स्थिर होता, आणि ते त्या हाताकडे असं बघत होते जसं कोणा दगाबाज पाहुण्याकडे बघावं.

स्केटिंगला आम्ही रिक्षानं गेलो. गौरी आमच्या दोघांच्या मध्ये, मांडीवर पिशवी. ह्यांचा रेडिओ बंद, नजर रिक्षावाल्याच्या पाठीवर. मला वाटलं, आता घरापर्यंत असंच. चेतक पुलाच्या अलीकडे मात्र ते तिच्याकडे वाकले.

"गौरी, डावीकडनं काय काय चाललंय, मला सांगत राहा."

तिला काय, तेवढंच पाहिजे होतं. तिनं सुरुवात केली. उसाचा रस, निळी बस, दोन कुत्री, फुगेवाला. ते प्रत्येक वेळी मान वळवायचे, आणि प्रत्येक वेळी ते मागे गेलेलं असायचं. आयुष्यभर आम्हाला रस्ता सांगणारा माणूस आठ वर्षांच्या पोरीकडून रस्ता ऐकत होता.

"आणि आत्ता एक मोठ्ठा ट्रक गेला, आजोबा. अगदी खेटून! बघितलात ना?"

ह्यांनी तिला आपल्याकडे ओढून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.